स्क्रीनवरचा झेंडू कागदावर मातकट का होतो: फोटो प्रिंट करताना रंग सांभाळण्याची पद्धत

फोटो लॅबच्या काउंटरवर दोन तक्रारी रोज ऐकू येतात. ‘मोबाइलवर मस्त दिसत होता, प्रिंट काळपट का आली?’ ही एक. आणि ‘माझ्या साडीचा रंग हा नाहीये’ ही दुसरी. दादर असो, बोरिवली असो की डोंबिवली, गाडी या दोनांवरच येऊन थांबते. पहिली तक्रार जवळजवळ नेहमी सुटते, तीही फुकटात. दुसरी कधी पूर्ण सुटते, कधी तडजोडीवर मिटवावी लागते. ती तडजोड कुठे करायची हे लॅबवर सोडलं की रंग फसतात.

लग्नाचे, सणाचे किंवा प्रदर्शनाचे फोटो स्वतः तयार करून मुंबईतल्या एखाद्या लॅबमधून किंवा घरच्या प्रिंटरवर छापणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एकच सूत्र धरून ठेवा: एक लॅब, एक कागद, एक उजेड. हे तीन आधी पक्के करायचे आणि मग फक्त फाइल बदलत जायची. आज या लॅबमध्ये ग्लॉसी, उद्या त्या लॅबमध्ये मॅट, आणि पाहायचं कधी ट्यूबलाइटखाली तर कधी रिक्षात, असं केलं तर चूक नेमकी कुठे आहे ते वर्षभरातही कळणार नाही.

मुळातलं भांडण

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. लाल, हिरवा आणि निळा मिसळून रंग बनवते. कागद काहीच फेकत नाही. त्याच्यावरचे सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा हे रंग पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतात आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत पाठवतात. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा पोपटी हिरवा कागदावर तसाच्या तसा येतच नाही. बरं, चांगल्या मॉनिटरवर सगळ्यात पांढरा भाग सगळ्यात काळ्यापेक्षा साधारण १००० पट उजळ असतो. चकचकीत फोटो पेपरवर हे अंतर जेमतेम २०० पट आणि मॅट कागदावर साधारण ४०-५० पट. एवढा पसारा एवढ्याशा जागेत कोंबायचा म्हणजे काहीतरी दबणारच.

ही कटकट मुंबईला नवी नाही. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून चित्रं छापण्याचा, कारखाना काढला. तिथे एकेका रंगाला वेगळा दगड लागे, आणि छटा जितक्या नाजूक तितके दगड जास्त. आजच्या फोटो प्रिंटरमध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटा अशा जादा शाया असतात त्या याच कारणासाठी. गालावरची हलकी छटा गडद शाईच्या विरळ ठिपक्यांनी काढली तर ती खरखरीत दिसते.

तेव्हा ‘हुबेहूब’ हा हट्ट सोडा. चेहरे जिवंत दिसावेत, करड्या रंगावर झाक नसावी, फोटोतला मुख्य रंग ओळखीचा यावा आणि सावल्यांत काळा लगदा होऊ नये, एवढं साधलं तर प्रिंट चांगली.

पायरी १: फोटो काढतानाच

कॅमेऱ्यात रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळत असेल तर ती घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची झाक काढून पांढरा पांढरा दिसेल असं करणं, नंतर मोकळेपणी बदलता येतो. दर वेगळ्या उजेडात एक फ्रेम करड्या कार्डची काढून ठेवा; नंतर त्या करड्यावरून झाक ओळखता येते. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या सामानाच्या दुकानांत असं कार्ड मिळतं. कार्ड नसलं की लोक कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर व्हाइट बॅलन्स घेतात. ते टाळा. सदऱ्याला नीळ दिलेली असते, शिवाय धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी रसायनं कापडाला निळसर करतात. सॉफ्टवेअर तो निळा काढायला जातं आणि अख्खा फोटो पिवळट होतो.

मुंबईतला एक खास शत्रू म्हणजे दुरुस्तीला निघालेल्या इमारतीवरची हिरवी जाळी. घरातल्या केळवणाचे किंवा बारशाचे फोटो खिडकीजवळ छान येतात, पण समोरच्या इमारतीवर जाळी असेल तर गालाच्या त्या बाजूला हिरवट झाक बसते आणि दुसऱ्या बाजूला बल्बचा पिवळा. पावसाळ्यात हेच काम निळी ताडपत्री करते. अशी दोन बाजूंना दोन झाकांची भेसळ एका स्लायडरने निघत नाही. चेहऱ्याचा तेवढा भाग निवडून वेगळा सुधारावा लागतो. मंगल कार्यालयातही तेच: स्टेजवर एलईडी, व्हिडिओवाल्याचा पिवळा दिवा आणि वर पांढऱ्या ट्यूब. जमेल तिथे एक तरी दिवा बंद करायला सांगा.

पायरी २: स्क्रीनचा उजेड उतरवा

‘प्रिंट काळपट आली’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. लॅपटॉप आणि मोबाइल आपण पूर्ण उजेडावर वापरतो. त्या स्क्रीनवर काळोखी फोटोसुद्धा उजळ दिसतो, म्हणून आपण तो आणखी उजळ करत नाही. कागदाला मागून दिवा नसतो. तो फाइलमधला खरा काळोख दाखवतो.

प्रिंटच्या कामासाठी मॉनिटरचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर, पांढरा ६५०० केल्व्हिन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचं माप) २.२ असा ठेवायची रीत आहे. हे मोजायला कॅलिब्रेटर लागतो. स्पायडर किंवा कॅलिब्राइट यांसारखं उपकरण स्क्रीनवर टांगायचं, ते रंगांच्या चौकोनांचं मोजमाप घेतं आणि त्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो कोणता रंग कसा दाखवतो याची नोंद, बनवतं. वरचेवर प्रिंट काढत असाल तर महागड्या लेन्सआधी हे घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. चारपाच मित्रांत मिळून एक घेतलं तरी चालतं, कारण ते रोज लागत नाही.

उपकरण नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. ज्या कागदावर प्रिंट काढणार तोच कोरा कागद मॉनिटरशेजारी धरा आणि ज्या उजेडात प्रिंट पाहणार तोच उजेड त्यावर पडू द्या. मग स्क्रीनचा उजेड कमी करत जा, दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत. पहिल्यांदा स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. दहा मिनिटांत डोळा बसतो. त्याआधी नाइट लाइट, ट्रू टोन आणि मॉनिटरमधला आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारा पर्याय बंद करा. मोबाइलवर ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘नॅचरल’ करा. खोलीतला उजेडही दिवसभर एकसारखा राहील असं पाहा, नाहीतर सकाळी केलेला फोटो रात्री वेगळा दिसेल.

पायरी ३: फाइल कोणत्या भाषेत पाठवायची

एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी हा रंगांचा सगळ्यात प्रचलित हिशेब. १९९८ चा अडोबी आरजीबी त्याहून मोठा, विशेषतः हिरव्या आणि सायन बाजूला. मोठा म्हणजे चांगला, असं समजून लोक लॅबला अडोबी आरजीबी पाठवतात. लॅबची यंत्रणा फाइलला जोडलेलं प्रोफाइल (आकड्यांचा अर्थ सांगणारी नोंद) न वाचता फाइल एसआरजीबीच आहे असं धरून चालली, तर प्रिंट फिकट, जीव गेल्यासारखी येते. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबीच द्या, जेपेग जास्तीत जास्त क्वालिटीवर, आणि सेव्ह करताना प्रोफाइल जोडायची खूण करा.

फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा, ‘असाइन प्रोफाइल’ नव्हे. पहिल्यात दिसणारा रंग जपण्यासाठी आकडे बदलतात. दुसऱ्यात आकडे तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणजे रंगच बदलतो.

नेहमीच्या फोटो प्रिंटसाठी फाइल सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या छपाईच्या शायांच्या हिशेबात) बदलू नका. लॅबमधलं यंत्र लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाने फोटो पेपर एक्स्पोज करतं आणि मग तो रसायनांतून धुऊन काढतं. त्याला आरजीबीच, म्हणजे लाल-हिरवा-निळा हिशेबच, लागतं. सीएमवायके करून दिलं तर भडक रंग आधीच मेलेले असतात, ते परत येत नाहीत. ऑफसेटवर कॅटलॉग किंवा पुस्तक छापायचं असेल तर गोष्ट वेगळी; तिथे प्रेसला त्यांचं प्रोफाइल विचारा आणि त्यात बदला.

आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-३ या मोठ्या रंगपट्ट्यात असतात, तेही एसआरजीबीत आणा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेन ड्राइव्ह घेऊन जा.

पायरी ४: हळद, झेंडू, पैठणी आणि निळा स्टेज

खरी मेहनत इथे आहे.

झेंडूचं तोरण घ्या. भर उन्हातल्या फुलाचे आकडे (प्रत्येक रंगाचा ० ते २५५) पाहिले तर लाल २५५ ला टेकलेला आणि निळा शून्यावर. म्हणजे पाकळ्यांच्या घड्या दाखवायला फक्त हिरवा चॅनल (तीन रंगांपैकी एकाची नोंद) उरला. स्क्रीन आपल्या उजेडाच्या जोरावर वेळ मारून नेते. कागदावर मात्र फूल म्हणजे केशरी गोळा, आणि काठाशी मातकट. उपाय उलटा वाटेल: रंग वाढवायचा नाही, उतरवायचा. लाइटरूममध्ये किंवा कुठल्याही रॉ सॉफ्टवेअरमध्ये ऑरेंज आणि यलोचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) १०-१५ ने आणि ल्युमिनन्स (उजळपणा) तेवढाच खाली आणा. लाल २४०च्या आसपास आला आणि निळा शून्यावरून उठला की पाकळ्या परत दिसू लागतात, आणि गंमत म्हणजे प्रिंटमध्ये फूल जास्त केशरी भासतं, कारण आता त्याच्यात उजेड-सावली आहे. हे करताना चेहरे वगळा. त्वचेचा रंगही ऑरेंजमध्येच मोडतो, म्हणून मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फुलांवरच काम करा.

हळदीच्या फोटोत पिवळा कुर्ता, पिवळी साडी, पिवळी सजावट आणि वर चेहऱ्याला हळद. कपड्यांवरचा पिवळा चेहऱ्यावर परावर्तित होतो ती भर वेगळीच. इथे सगळा पिवळा काढायला गेलात तर नवरी आजारी दिसेल. हळद न लागलेला कान किंवा मान पाहा आणि तिथली त्वचा नीट करा. हळदीला हळदच राहू द्या. त्वचेची तपासणी आकड्यांवर सोपी आहे: लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. गव्हाळ गालाच्या उजळ भागावर उदाहरणार्थ २००, १५५, १२५ असं काही दिसेल. निळा हिरव्याच्या वर गेला की चेहरा जांभळट छापून येणार हे नक्की.

पैठणीची अडचण निराळी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे धूपछाव कापड एका कोनातून चिंतामणी तर दुसऱ्यातून राणी दिसतं. ‘साडीचा खरा रंग’ कोणता, हे आधी नेसणाऱ्या बाईंनाच विचारा. शक्य असेल तर साडी समोर ठेवून, खिडकीच्या उजेडात, एकच फ्रेम जुळवा आणि बाकीच्या तिच्यावरून करा. जरीचा धागा हा तर धातूसारखा चमकणारा प्रकार; कागदावर तो पिवळा-तपकिरी रंग होऊनच येतो. त्याच्या उजळ ठिपक्यांत पांढरा टिकवला तर चमक भासते, एवढंच हातात आहे.

आणि गणपतीच्या मंडपातला किंवा संगीताच्या स्टेजवरचा निळा एलईडी. शुद्ध निळा प्रिंटमध्ये जांभळा होतो, हा दोष ठरलेला. ब्लूचा ह्यू (रंगाची जात) थोडा सायनकडे ढकला आणि सॅच्युरेशन बरंच उतरवा. स्क्रीनवर तो जरा हिरवट वाटेल, कागदावर निळा येईल. तरी स्क्रीनवरची ती झळाळी येणार नाही. फोटोत चेहरा आणि स्टेज दोन्ही असतील तर मी निळा बिनदिक्कत सोडून देतो आणि चेहरा सांभाळतो. घरचे लोक अल्बममध्ये आत्याचा चेहरा पाहतात, पडद्यावरचा दिवा नाही.

पायरी ५: सॉफ्ट प्रूफ

कागदावर काय येणार याचा अंदाज स्क्रीनवरच घेता येतो; त्यालाच सॉफ्ट प्रूफ म्हणतात. लॅबकडून किंवा कागद बनवणाऱ्या कंपनीकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मिळवा. लाइटरूम क्लासिकच्या डेव्हलपमध्ये ‘एस’ दाबा. फोटोशॉपमध्ये ‘व्ह्यू’खालच्या ‘प्रूफ सेटअप’मध्ये ते निवडा. फुकटातलं हवं असेल तर जिंप आणि डार्कटेबल दोन्हींत ही सोय आहे. ‘सिम्युलेट पेपर कलर’ लावलं की फोटो एकदम निस्तेज होतो आणि लोक घाबरून बंद करतात. ती खूण लावताना क्षणभर नजर बाजूला करा आणि मग परत पाहा.

रेंडरिंग इंटेंट म्हणजे कागदाच्या आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे तो पर्याय. त्यात दोनच कामाचे. ‘परसेप्च्युअल’ सगळे रंग थोडे थोडे आत ओढतो, एकमेकांतलं नातं राखतो. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आवाक्यातले रंग जवळपास तसेच ठेवतो आणि बाहेरचे कडेवर आणून बसवतो. साध्या पोर्ट्रेटला दुसरा, हळद-झेंडूला पहिला, असा माझा ओढा आहे. पण दोन्ही लावून बघा, फोटोगणिक फरक पडतो. मुंबईतल्या बऱ्याच लॅब प्रोफाइल देत नाहीत. मग वाद घालू नका, टेस्ट प्रिंटवर भर द्या.

पायरी ६: लॅबमध्ये काय बोलायचं

पहिलं वाक्य: ‘दादा, ऑटो करेक्शन बंद ठेवा.’ हे का, ते समजून घेतलं तर आग्रह धरता येईल. ऑटो करेक्शनचा ढोबळ समज असा असतो की कुठल्याही फोटोतले सगळे रंग एकत्र घोटले तर साधारण करडा येतो. मुलांच्या सहलीच्या फोटोला हे लागू पडतं. हळदीच्या फोटोत मात्र चहूकडे पिवळाच; यंत्राला वाटतं झाक बसली आहे, ते पिवळा काढतं आणि नवरी निळसर पडते. लाल शालू आणि मागे लाल मखमली पडदा असला की चेहरा हिरवट होतो. तुम्ही रात्रभर बसून जुळवलेला रंग एका सेकंदात जातो.

ऑपरेटरच्या हाताशी सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटी (गडदपणा) अशी चार बटणं असतात. तक्रार त्या भाषेत केलीत तर काम पटकन होतं. ‘जरा बरोबर करा ना’ म्हणण्यापेक्षा ‘एक पॉइंट मॅजेंटा कमी करा’ म्हणा. हिरवट झाक असेल तर मॅजेंटा वाढवायचा. निळसर असेल तर यलो. लालसर असेल तर सायन. काळपट असेल तर डेन्सिटी कमी. क्रम महत्त्वाचा: आधी डेन्सिटी ठरवा, मग रंग. काळपट प्रिंटमध्ये झाक आहे त्याहून जास्त वाटते, आणि उजेड सुधारला की निम्मी तक्रार आपोआप मिटते.

दुपारच्या गर्दीत जाऊ नका. ऑपरेटरला पाच मिनिटं मोकळी मिळाली तर तो स्वतःच चार गोष्टी सांगतो. या लोकांचा डोळा भल्याभल्या सॉफ्टवेअरपेक्षा तयार असतो.

पायरी ७: टेस्ट प्रिंट आणि ती पाहण्याची जागा

मोठी प्रिंट किंवा १२ बाय ३६ इंचांची अल्बम शीट टाकण्याआधी त्याच कागदावर छोटी टेस्ट काढा. एकाच शीटवर त्याच चेहऱ्याचे तीन तुकडे लावा: एक जसाच्या तसा, एक एक्स्पोजर ०.३ ने उजळ, एक ०.६ ने. शेजारी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्या ठेवा. चेहऱ्यावर डोळा फसतो, करड्या पट्टीवरची हिरवट किंवा गुलाबी झाक मात्र लगेच दिसते.

छपाईच्या धंद्यात रंग तपासायला ५००० केल्व्हिनचा उजेड धरतात. घरी तो नसला तरी खिडकी आहे. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी, थेट ऊन नसताना, प्रिंट खिडकीजवळ धरा. समोर ती हिरवी जाळी नाही ना, तेवढं पाहा. रात्री पाहायची तर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० च्या वरचा एलईडी घ्या. सीआरआय कमी असलेल्या दिव्यात लाल रंग मरतो आणि त्वचा राखाडी वाटते, मग प्रिंट बिचारी उगाच शिव्या खाते.

कागदाची एक खोड लक्षात ठेवा. फार पांढरेशुभ्र कागद बहुधा चमकद्रव्यं घातलेले असतात. दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ते निळसर पांढरे दिसतात. घरच्या एलईडीत ते किरण नसतात, म्हणून तोच कागद रात्री पिवळट वाटतो. प्रिंट जिथे लागणार तिथला उजेड शेवटी खरा. काळा घोड्याच्या एखाद्या गॅलरीत प्रदर्शन असेल तर टेस्ट घेऊन तिथल्या दिव्यांखाली एकदा धरून या.

घरचा प्रिंटर असेल तर

रंग कोण सांभाळणार, हे एकालाच सांगा. फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून कागदाचं प्रोफाइल दिलं, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) कलर मॅनेजमेंट बंद करा. दोघांनी मिळून सुधारणा केली की प्रिंटवर लालसर-जांभळी झाक चढते. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा, कारण किती शाई सोडायची ते त्यावर ठरतं. बाजारातली स्वस्त शाई भरायची खुशाल भरा, पण मग कंपनीचं प्रोफाइल तिला लागू पडत नाही. एकतर त्या शाईसाठी वेगळं बनवून घ्या किंवा हातानेच जुळवत बसा. आणि प्रिंट बाहेर आल्या आल्या निकाल देऊ नका. शाई स्थिरावायला वेळ लागतो, पावसाळ्यात आणखी जास्त. रात्रभर ठेवा, सकाळी बघा.

कागद उघडा ठेवू नका. जुलैच्या हवेत तो ओल धरतो, कडा वळतात, शाई पसरते आणि काळा फुसका होतो. सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद पिशवीत ठेवा, लागतील तेवढीच पानं काढा.

लॅमिनेशन, फ्रेम आणि दुसरी प्रत

मॅट लॅमिनेशनने काळा करडा होतो, रंग थोडे उतरतात. ग्लॉसने काळा गडद होतो. म्हणून टेस्टही लॅमिनेट करूनच पाहा. फ्रेम करताना काच आणि प्रिंट यांच्यात माउंट, म्हणजे भोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. ओल धरणाऱ्या भिंतीवर काच प्रिंटला चिकटली की ती सोडवताना फोटोचा थरच निघतो.

मंजूर केलेल्या टेस्टच्या मागे पेन्सिलने फाइलचं नाव, कागद, लॅब आणि ऑपरेटरने दिलेले पॉइंट लिहा आणि ती अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. लॅबची रसायनं रोज तंतोतंत सारखी नसतात, त्यामुळे सहा महिन्यांनी मामांसाठी दुसरी प्रत काढायला गेलात तर तीच फाइल थोडी वेगळी छापून येऊ शकते. तेव्हा फाइलबरोबर ही टेस्टही काउंटरवर द्या आणि हिच्याशी जुळवा म्हणून सांगा.